तिसऱ्या गिअरबाबतचा अर्ज

माझे सासरे दारव्ह्याच्या कोर्टात नाझर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिग्रसच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून आठ सीटची जुनी डिझेल गाडी घेतली. कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांतली ही गोष्ट. व्यापारी गाड्या विकत होते आणि आमच्या बैठकीच्या खोलीत शेतातला कापूस छताला टेकला होता. पाहुणा आला की त्याला स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी बसवावं लागायचं.

घरात आम्ही तिघंच: सासरे म्हणजे बाबा, सासूबाई म्हणजे आई आणि मी. नवरा नागपूरला नोकरीला, शनिवारी यायचा. मी गावातल्या शाळेत शिकवत होते. गाडी चालवायचं लायसन्स माझ्याकडे होतं, पण ते नागपूरचं. बाबांच्या मते ते गुळगुळीत रस्त्यांपुरतंच लागू होतं. त्यामुळे गाडी फक्त बाबा चालवायचे आणि आई शेजारी बसून समोरच्या म्हशी मोजायच्या.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग उन्हाळ्यात इंजिनातून आवाज यायला लागला. बाबा म्हणायचे, खडखड आहे. आईंना ते मान्य नव्हतं.

"खडखड नाही जी. ढब... ढब... आन मंग दातावर दात वाजल्यावानी," असं म्हणून त्या तो आवाज काढूनही दाखवायच्या. भाकरी थापता थापता काढायच्या. हुबेहूब काढायच्या. एकदा मी बाबा आले समजून फाटक उघडायला धावले होते.

आवाजावर बाबांनी स्वतःच उपाय शोधला. घरात एवढा कापूस पडलाय, तर तो कामाला लावू. पिंजाऱ्याकडून दहा किलो कापूस पिंजून आणला आणि मला सांगितलं, गाडीच्या तळाला बसेल अशी गादी शीव. मी वर्तमानपत्राचे कागद जोडून माप घेतलं. गिअरच्या दांड्याला गोल भोक ठेवलं, पेडलपर्यंत कोपरे बसवले आणि मजबूत खोळ शिवली. गादी इतकी नेमकी बसली की बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. आवाज थोडा दबलाही.

पण त्याच आठवड्यात तिसरा गिअर पडेनासा झाला.

दांडा पुढे ढकलला की आतून कर्र असा आवाज यायचा आणि हाताला झटका बसायचा. बाकीचे गिअरही जबरदस्ती केल्याशिवाय हलत नव्हते, पण तिसऱ्याने तर संपच पुकारला. मग बाबा दुसऱ्यातून सरळ चौथ्यात जाऊ लागले. दुसऱ्यात गाडी किंचाळायची, चौथ्यात थंडी वाजल्यासारखी कुडकुडायची. बाजाराच्या दिवशी लोक वळून न बघता सांगायचे, "नाझरसाहेब आले."

गावातल्या पहिल्या मिस्त्रीने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "गिअरबॉक्स उतरवावा लागते."

"कारण?" बाबांनी विचारलं.

"उतरवल्यावर दिसन ना साहेब."

दुसरा म्हणाला, इंजिनच खोलावं लागेल. त्यालाही कारण खोलल्यावरच कळणार होतं.

"निकाल आधी आणि पुरावा नंतर?" बाबा संतापून घरी आले. नवऱ्याने फोनवर सांगितलं, विकून टाका. बाबांनी दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

शेवटी गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्यानेच दिग्रसच्या एका मिस्त्रीचा पत्ता दिला. हा माणूस वीस वर्षं जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनवर होता. जिनिंग बंद पडलं तेव्हा त्याच्याजवळ हात उरले होते, कान मशीनच्या घरघरीत कधीच गेले होते. आता तो जिनिंगच्याच भिंतीला लागून, कडुलिंबाखाली गाड्या दुरुस्त करायचा.

नवरा त्या शनिवारी आला नव्हता. रविवारी आम्ही तिघंच गेलो. बाबांनी घसा साफ करून सुरुवात केली, "हे पहा, गेल्या उन्हाळ्यापासून..."

त्याने हात वर केला. "साहेब, मले ऐकू येत नाही. जे काय हाय ते लिवून द्या."

बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. आयुष्यभर त्यांनी लोकांकडे लेखी मागितलं आणि लोकांनी टाळाटाळ केली. त्यांच्याकडे आपण होऊन लेखी मागणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता. पिशवीत फुलस्केप कागद होतेच. एका जुन्या टायरवर बसून त्यांनी वरती लिहिलं, 'विषय : वाहनाचा तिसरा गिअर व इंजिनातील आवाजाबाबत.'

"अहो, त्याले निसती गाडी दाखवा ना," आई म्हणाल्या.

"मध्ये बोलू नका," बाबा म्हणाले आणि अर्ज पुढे चालू राहिला. पाऊण तास चालला. आईंनी सांगितलेला आवाज त्यांनी 'सौ. यांचे म्हणण्यानुसार' असं लिहून समाविष्ट केला. आठ मुद्दे झाले, खाली सही झाली.

मिस्त्रीने तो अर्ज ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचला. हसला नाही. चौथ्या मुद्द्यावर बोट थांबलं. मग पाचव्यावर गेलं आणि परत चौथ्यावर आलं.

"साहेब, गादी पोळ्याच्या आदल्या दिवशी टाकली?"

बाबांनी मान हलवली.

"आन गिअर पोळ्याच्या तिसऱ्या दिवसापासून अडून राह्यला?"

बाबांनी पुन्हा मान हलवली, पण या वेळी जरा हळू.

मिस्त्रीने दार उघडलं आणि गादीचा कोपरा धरून ती खेचली. गादी सहज निघेना, कारण माप माझं होतं. तिसऱ्या हिसक्याला निघाली. मग त्याने मला खूण केली, "ताई, तुम्ही बसा. किलच दाबा."

मी क्लच दाबला. पाय खाली जातच राहिला, पार तळापर्यंत. गाडी सुरू करून दांडा पुढे केला आणि तिसरा गिअर कुरकुर न करता पडला. इतके दिवस पेडल गादीवर टेकत होतं, क्लच अर्धाच सुटत होता. आणि खरं सांगायचं तर मला ते आधी जाणवलंही होतं. एकदा दुपारी बाबा झोपलेले असताना मी अंगणात गुपचूप गाडीत बसून बघितलं होतं. पेडल मध्येच थांबलं, तेव्हा वाटलं, आपलाच पाय कमी पडतोय. बाबांना तर ते अजून सांगितलेलं नाही.

आवाजाचा शोध मिस्त्रीने वेगळ्या तऱ्हेने लावला. लाकडी दांडक्याचं एक टोक दातात धरलं, दुसरं चालू इंजिनाला ठिकठिकाणी लावलं आणि दातांतून येणारी थरथर जोखत डोळे मिटले. तीन ठिकाणी मान हलवली, चौथ्या ठिकाणी डोळे उघडले.

"फौंडेशन गेलं."

इंजिन ज्या रबरांवर बसतं, त्यांतलं एक फाटून बिस्किटासारखं झालं होतं. त्यामुळे इंजिन जागेवरच उड्या मारत होतं. त्याने दुसरं रबर बसवलं. इंजिन शांत झालं. आईंनी कान देऊन ऐकलं आणि जरा हिरमुसल्या.

बाबांनी खुणेनं सांगितलं, आता तुम्हीही लिहून द्या. मिस्त्रीने अर्जाच्या खालीच लिहिलं, 'गादी काढली. रबर बदललं. बाकी काई नाई.' बाबांनी ते दोनदा वाचलं, खिशातून पेन काढलं आणि 'काही नाही' असं दुरुस्त केलं.

"साहेब, हे गादी मले ठेवता का?" मिस्त्री म्हणाला. "गाडीखाली झोपाले लय मस्त हाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रीकडे बघून मान डोलावली. आम्ही निघेपर्यंत तो ती घेऊन एका जीपखाली शिरलाही होता.

गाडीशी आल्यावर बाबांनी चावी माझ्या हातात दिली. ते शेजारी बसले, आई मागे. गाव सुटल्यावर ते म्हणाले, "तिसरा टाक बरं."

मी टाकला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. थोड्या वेळाने म्हणाले, "चौथा टाक. हां. आता परत तिसरा."

रस्ता मोकळा होता, मला काही घाई नव्हती. दारव्हा येईपर्यंत त्यांनी तो माझ्याकडून पंधरा-वीस वेळा तरी टाकून घेतला.