दोन पंचांगांमधला कमोड

तुळजारामराव पोस्टात रुजू व्हायला गेले त्या पहिल्याच दिवशी राहुकाळ टळेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहिले होते. त्याला तीस वर्षं उलटली. त्र्याण्णव साली गुडघ्यांनी उकिडवं बसायचं साफ नाकारलं, तेव्हाही डॉक्टरांच्या चिठ्ठीनंतर त्यांनी हातात घेतलं ते मराठी पंचांगच. तमिळ मुलखातल्या त्यांच्या गावी, मराठ्यांच्या जुन्या राजवाड्यामागच्या फ्लॅटमधला जुना संडास फोडून तिथं निळ्या टाइल्स, गीझर आणि कमोड बसवायचा होता. जुलैतला चांगला दिवस निघाला. गवंडी सुब्रह्मण्यनं दोन दिवसांत सगळं फोडून टाकलं. तिसऱ्या दिवशी तमिळ आडी महिना लागला.

"आडीत फोडतात, सार. नवं बसवत नाहीत," असं म्हणून त्यानं थापी पिशवीत टाकली.

महिनाभर तुळजारामराव बादली घेऊन खालच्या मजल्यावर व्यंकटरमणांकडे जात राहिले. तिथंही उकिडवंच बसायचं. ते कडीला धरून कण्हत उठत, आणि बाहेरून व्यंकटरमण विचारत, "राव, हात द्यायला येऊ का?"

आडी संपत आला तसा सुब्रह्मण्य विचारायला आला. तुळजारामरावांनी पंचांग उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. सोमवारी आडी संपत होता, बुधवारी अधिक महिना लागत होता.

"अधिकात नवं काम नाही. म्हणजे आणखी एक महिना."

"मधे मंगळवार आहे की," त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"त्या दिवशी अमावास्या."

"अमावास्या आम्हाला चांगली, सार," सुब्रह्मण्य म्हणाला. "पण मंगळवारी मी सुरुवात करत नाही."

राजलक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग गवंड्याकडे. "दुसऱ्या कुणी सुरुवात केली तर?"

"मग मी नुसतं पुढं करतो, अम्मा."

मंगळवारी तुळजारामराव तर्पणासाठी तिरुवैयारूला कावेरीवर गेले. परत येऊन बघतात तर त्या पडझडीत, कोपऱ्यात एक निळी टाइल बसलेली. राजलक्ष्मीबाईंच्या पदराला सिमेंट लागलेलं.

"आधी सुरू झालेलं काम अधिकात पुढं चालवता येतं का, ते बघा," त्या म्हणाल्या.

त्यांनी दोनदा बघितलं. "येतं." मग टाइलकडे बघून म्हणाले, "तिरपी बसलीय."

"काढून सरळ लावू?"

तुळजारामरावांनी गुडघ्यांवरून हात फिरवला. "नको. राहू दे."

पुढच्या शनिवारी, राहुकाळ टळल्यावर, कमोड बसला. पहिल्यांदा वापरायला मुहूर्त लागतो का, हे मात्र त्यांनी बघितलं नाही.