शालीखालचा सर्व्हर

कोरेगावच्या नागसेनला लोक भंगारवाला म्हणायचे. तोंडावर नव्हे, असल्या गोष्टी पाठीमागेच नीट बोलता येतात. कचेऱ्यांनी टाकून दिलेले जुने संगणक तो गोळा करायचा, त्यांतल्या डिस्क काढायचा आणि सगळे वायरीनं एका दणकट नव्या मशिनला, म्हणजे सर्व्हरला, जोडायचा. डोकं सर्व्हरचं, बाकीच्यांचा नुसता पडदा आणि कीबोर्ड. थोडक्या खर्चात अकरा पोरं बसायची.

हे खूळ कुठून आलं ते तो सांगत नसे, पण गावाला ठाऊक होतं. त्याच्या शाळेत एकच संगणक आला होता, आणि दहावी संपेपर्यंत त्याला हात लावायची नागसेनची पाळी काही आली नाही.

१९९८च्या मार्चात कुंडलजवळच्या एका हायस्कुलात त्यानं असं जाळं उभारलं. शाळेच्या संचालकांची अट साधी होती. उद्घाटनाला चाललं तर ठेवू. नाहीतर अकराही डबे विकून ऑफिसला एक रंगीत संगणक घेऊ.

उद्घाटनाच्या दिवशी सत्काराची शाल नागसेनसाठी, असं मुख्याध्यापिका शालनबाईंनी यादीत लिहिलं होतं. संस्थेचे अध्यक्ष जोतिबाआबा यांनी यादीतलं नाव वाचलं, नागसेनकडे पाहिलं आणि शाल सर्व्हरला पांघरली. टाळ्या पडल्या. शाल दिसली की आपले हात आपसूक वाजतात.

मशिनचा पाठीमागचा पंखा झाकला गेलेला नागसेनला दिसत होता. पण अध्यक्षांनी घातलेली शाल त्यांच्यासमोर काढायची कुणी? आबांचं भाषण पाऊण तास चाललं. मग अकराही पडदे एकदम थिजले. पोरांची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"आवं आबा, भंगार ते भंगारच की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"काय रं, काय झालं?" आबांनी विचारलं.

"सांग की खरं," शालनबाई पुटपुटल्या. "शालीनं गुदमरलंय ते."

खरं बोलावं तर भर सभेत आबांची शोभा, आणि मग संध्याकाळच्या आत मशिनं टेम्पोत.

"माजी चूक हाय, आबा," नागसेन म्हणाला. "हे असं खाली ठेवायलाच नको हुतं. वर फळी मारून जाळीत ठेवतो."

"मग मार की! चुकतंय माणूस. शीक जरा." आबा खुलले.

नागसेननं शाल काढून घडी घातली आणि पुठ्ठ्यानं मशिनला वारा घालत बसला. वीस मिनिटांनी पडदे उजळले. मशिनं राहिली.

बोभाटा मात्र एस.टी.च्या आधी पोचला. चौथ्या दिवशी उंब्रजच्या शाळेनं ठरलेलं काम दुसऱ्याला दिलं. स्वतःची मशिनं ज्याला कळत नाहीत, त्याला कोण बोलावणार?

"आवं, एक शब्द बोलला असता तर?" त्याची बायको अंजना ताट वाढता वाढता म्हणाली.

"तर मशिनं गेली असती."

"आन् तुमचं नाव गेलं, त्ये?"

फळी आणि जाळी दाराशी बांधून ठेवली होती. सकाळी पहिल्या गाडीनं कुंडलला जायचं होतं.