जीपवरची काडी

काडी खाली बसत नव्हती. पोरगा गारांत उभा राहून ती दोन्ही हातांनी दाबत होता आणि मी जीपच्या खिडकीतून हात बाहेर काढून तिचा खालचा तुकडा धरून बसले होते. ही रेडिओची एरियल. आमच्याकडे तिला सगळे काडीच म्हणतात. एकात एक सरकणारे चार तुकडे. वरचे दोन आत गेले, तिसरा अडकला तो अडकलाच.

"माय, हिला तेल लावत होतीस का न्हाई?"

"लावत होते."

"मग ही अशी का बसंना झालीय?"

मागच्या सीटवर माझे मालक होते. दुपारचे चार वाजले असतील, पण सांजवल्यासारखं झालं होतं. आम्ही तिघंच होतो. किल्लारीजवळच्या आमच्या गावाहून भोकरला लेकीकडे निघालो होतो. नांदेड मागं टाकलं आणि वैशाखातलं वादळ आलं. पुढं रस्त्यावर बाभळीची फांदी आडवी पडलेली, म्हणून जीप कडेला थांबवली. वीज चमकली की रेडिओ खर्रकन वाजायचा. दर चमकेला खर्र. पोरानं आत येऊन बटण बंद केलं तरी मालकांच्या डोक्यातून ते गेलं नाही.

"बघितलास का, रेडूत शिरायली इज," ते म्हणाले. "काडी तिला वढायलीय. काडी बसंना तर गाडी सोडा. उतरा."

"आण्णा, भाईर गारा हायत."

"गारानं माणूस मरत न्हाई. उतर म्हणलं की उतरायचं. त्या चिंचखाली चल."

मी म्हणाले, माझ्यानं उतरवत नाही. माझे दोन्ही गुडघे तेव्हाच कामातून गेले होते, म्हणून मला पुढं बसवलं होतं, आणि माझ्या बाजूचं दार उघडलं की खाली नाली, तिच्यात मांडीइतकं पाणी पळत होतं. पोराच्या बाजूनं उतरायचं तर मध्ये गिअरचा दांडा.

"तू बस," मालक म्हणाले. "कशाला हात लावू नको. आधी आम्ही जातो, मग हा येईल तुला न्यायला."

मी हात मांडीवर घेऊन बसले. दोघं पळत चिंचेखाली गेले, पन्नास पावलं असतील. पोरगा लगेच डोक्यावर पोतं घेऊन माघारी फिरला. निम्म्यावर आला आणि सगळं पांढरं झालं. आवाज मला नंतर आला असं वाटतं, खरं काय ते सांगता येत नाही. काचा हादरल्या. पोरगा तोंडावर चिखलात पडला. मालक चिंचेच्या बुडाशी, टेकून बसल्यासारखे. डोळे उघडे होते. एका पायातली चप्पल फाटून बाजूला पडली होती.

पोरगा थोड्या वेळानं हलला. मालक हलले नाहीत.

आता काडीचं सांगते, कारण पुढची सगळी वर्षं आमच्या घरात बोलणं झालं ते काडीचंच.

जीप मालकांनी जुनी घेतली. पत्र्याच्या टपाची, चांगली भक्कम. रेडिओ मात्र नवा, लातूरहून बसवून आणला. आमच्या बाजूला रेडिओ नीट लागत नसे, म्हणून लांब काडी घेतली, माझ्या खिडकीच्या पुढं बसवली. सकाळी बातम्या, मग बाजारभाव, मग हवामान. हवामान ऐकून मालक आभाळाकडे बघत आणि रेडिओ खोटं बोलतो म्हणत. तरी दुसऱ्या दिवशी परत ऐकत.

काडी कशी वापरायची ते त्यांनी मला लहान लेकराला शिकवावं तसं शिकवलं. मी चौथी शिकलेली, ते सातवी. त्या तीन वर्गांचा त्यांना जन्मभर ताठा होता. शेंड्याला धरून ओढायची नाही, नाहीतर वरचा तुकडा वाकतो. बुडाजवळ दोन बोटांत धरून एक एक तुकडा वर घ्यायचा. खाली बसवताना उलटं, वरचा आधी. झाडाखालून, दारातून, गोठ्याजवळून जाताना खाली. धुताना खाली. बुडाशी रबराची चकती असते, ती चिरली की पाणी आत जातं आणि गंज चढतो. खरखर आली तर आधी काडीवर राग काढायचा नाही, रेडिओच्या मागं जी वायर खोचलेली असते ती ढिली आहे का ते बघायचं. आणि आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसून शिवणाच्या मशीनचं तेल, एकच थेंब, फडक्यावर घेऊन फिरवायचं.

"खोबरेल न्हाई," ते म्हणाले होते. "मशीनचं."

हे त्यांनी सांगितलं होतं. मी नाकारत नाही. पण मशीन आमच्या घरात नव्हती. मशीनचं तेल आणा म्हणून मी दोन-तीनदा सांगितलं, आणतो म्हणाले, आणलं नाही. स्वतःच्या हातातल्या बॅटरीचा बारीक सेल आणायला लातूरला जातील, पण बायकोनं सांगितलेली बाटली विसरतील. घरात खोबरेल होतं. मी खोबरेल लावलं. काडी सळसळ वरखाली व्हायची. मला वाटलं, तेल ते तेल.

मालकांचे दिवस झाल्यावर पोरगा ती काडी उपटून लातूरला घेऊन गेला. रेडिओवाल्यानं तुकडे सुटे केले तर आतून काळा लगदा निघाला. खोबरेल आणि आमच्या रस्त्याची माती. पोरानं तो लगदा वर्तमानपत्राच्या कागदावर घेऊन घरी आणला आणि माझ्यापुढं ठेवला. शेजारच्या दोन बाया बसलेल्या होत्या. त्यांच्यासमोर.

"बघ माय. ह्यानं मेला आण्णा."

मी कागद उचलला आणि चुलीत घातला. मी रडले नाही, म्हणून त्या बायांनी गावभर सांगितलं की म्हातारीला काही वाटलंच नाही.

त्या दिवसापासून ते चालू झालं. भाजीत मीठ जास्त पडलं तर "तुझ्या तेलासारखंच." सून नवी होती तेव्हा तिलाही सांगून झालं. पाहुणे आले की कुणीतरी विचारायचंच, कसं झालं हो, आणि पोरगा म्हणायचा, काडी अडकली होती. मग माझ्याकडे बघायचा. पाहुणेही बघायचे. माझी सख्खी जाऊ तर तोंडावर म्हणाली, "तुमी बरं आत बसलाव बाई. मालकाला भाईर लावून." मी म्हणाले, माझ्या गुडघ्यांना विचार. तिच्याशी बोलणं सोडलं ते आजपर्यंत.

मीही मनातून ते धरलं होतं. चूल सारवताना, गुडघे शेकताना, हात रिकामे असले की बोटांत तो तिसरा तुकडा यायचा. दाबायचा, बसायचा नाही. मला वाटायचं, बसला असता तर मालक गाडीतच बसून राहिले असते, आणि वरून मला तेलावरून चार शब्द बोलले असते. तेवढं मी सहज ऐकून घेतलं असतं.

जीप पोरानं विकली. आता त्याच्याकडे मोटार आहे. तिला काडी नाही, टपावर मागं माशाच्या परासारखं काहीतरी छोटं बसवलंय. रेडिओ त्यातच आहे म्हणतात. तो कधी लावत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी भोकरला लेकीकडे होते. तिचे मोठे दीर नांदेडजवळ विष्णुपुरीला राहतात, कॉलेजात वीज शिकवतात. ते आले होते. दुपारी आभाळ आलं, गडगडायला लागलं, तशी लेक टीव्हीची वायर काढायला धावली. तिच्या शेजाऱ्याचा टीव्ही एकदा असाच जळाला होता. आमच्या गावातही एकाचा जळाला होता, आणि मालकांनी काडीची धास्ती घेतली ती तेव्हापासून. हे मी सहज म्हणून बोलले.

लेकीचे दीर म्हणाले, "मावशी, टीव्हीचं निराळं. वायरीतून येते, टीव्ही जळतो. मोटारीचं तसं नाही."

"कसं?"

"टप कसला होता? कापडी का पत्र्याचा?"

"पत्र्याचा."

"मग काडी वर असू दे का खाली असू दे. वीज पडली तरी बाहेरून पत्र्यावरून खाली जमिनीत जाते. रेडिओ जळेल, काडी वितळेल, फार तर टायर जाईल. आत काचा लावून, लोखंडाला हात न लावता बसलेला माणूस बहुतेक वाचतो. अशा वेळी गाडीइतकी बरी जागा रस्त्यावर दुसरी नाही. सगळ्यात वाईट म्हणजे झाडा…"

तिथं ते थांबले. कुणाशी बोलतोय ते त्यांच्या ध्यानात आलं. लेक वायर हातात धरून तशीच उभी होती.

मी म्हणाले, "बोला. झाडाखाली."

"मावशी, तेव्हा कुणाला माहीत असतं?"

"आणि रेडिओची खरखर? चमकली की खर्र करायचा."

"ती दूरवर वीज चमकली तरी येते. वीज गाडीवर येणार असा त्याचा अर्थ नाही."

मग त्यांनी लेकीकडे चहा मागितला.

मला हायसं वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. मला राग आला. इतका राग मला मालक जिवंत असताना कधी आला नव्हता. मी कुठं बसायचं, काय बोलायचं, कोणत्या बोटांनी काडी धरायची, सगळं त्यांनीच ठरवलं. मला ठाऊक आहे म्हणायचे, आणि आम्ही मान हलवायचो. त्या दिवशीही त्यांना ठाऊकच होतं. अडाणी बाई गाडीत राहिली ती शहाणी म्हणून नव्हे, तिला उतरता येत नव्हतं म्हणून.

घरी आल्यावर मी पोराला सांगितलं. तो जेवत होता. लेकीचे वीज शिकवणारे दीर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. तेलाचा संबंध नाही, काडीचा नाही. गाडी सोडायलाच नको होती.

तो घास हातात धरून बसला.

"म्हंजी चूक आण्णाची म्हणायलीस?"

"हाव. आण्णाची."

"मेलेल्या माणसाला नाव ठेवायलीस."

"जित्या माणसाला इतकी वर्षं ठेवलास की."

सून आत निघून गेली. पोरगा म्हणाला, "तुला बोलायला काय जातंय. तू आत बसलीस."

"मला कोण उतरवलं न्हाई म्हणून बसले."

"म्या यायलो होतो तुला न्यायला."

"हाव," मी म्हणाले. "म्हणून जिता हाईस."

तो उठला नाही. ताटात हात धुतला. त्यानंतर तेलाचं त्यानं काढलं नाही. मालकांचंही काढत नाही. घरात आता त्या दिवसाबद्दल कुणी बोलत नाही, आणि पाहुण्यांनी विचारलं तर तो बाहेर जातो. त्यानं माझी क्षमा मागावी असं मी म्हणत नाही. मागितली तर काय करायचं ते मला कळणार नाही.

त्या जीपमध्ये आम्ही तिघं होतो. मालक चिंचेखाली गेले. मी उतरू शकले नाही आणि पोरगा मला न्यायला माघारी फिरला, म्हणून आम्ही दोघं राहिलो.