पाइपांच्या टोकाचं स्टूल

फोन आला तेव्हा मी लेकीच्या, सनाच्या पोटऱ्या ताणत होते. एक पाय झाला होता, दुसरा राहिला होता. माझ्या नवऱ्याच्या दुकानाशेजारचा चहावाला म्हणाला, “भाभी, रफिकभाई बसल्या जागी पडल्यात.” भिगवणहून दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. दीड महिना होत आला...

रफिक विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत वार्निश लावलेली तांब्याची नवी तार भरून द्यायचा. आमची सना सातव्या महिन्यात झाली; बारामतीत काचेच्या पेटीत होती. डॉक्टर मॅडमनी आधी टाळूवरून सोनोग्राफी केली, पुढे एमआरआय. मेंदूच्या पांढऱ्या भागाला, निरोप नेणाऱ्या तंतूंच्या आवरणाला इजा आहे, पाय कडक राहतील, चालेल की नाही ते आज सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. रफिकनं फिल्म खिडकीला लावून बराच वेळ पाहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “तार शाबूत हाय. वरचं वार्निश गेलंय. भरता येतंय.”

जळालेलं काढायचं, नवं भरायचं, की मोटार फिरते. त्याचा सगळा जन्म त्यातच गेलेला. त्यामुळे पुढचा फोटो स्वच्छ येणार, याची त्याला खात्रीच होती. व्यायाम मी एकटी करून घ्यायचे. मॅडम गरज नाही म्हणत असताना दोन वर्षांनी त्यानं हट्टानं दुसरा एमआरआय करवला. डाग होते तिथेच होते.

“मशीन जुनं हाय का, मॅडम?”

त्या हसल्या नाहीत. “रफिकभाई, हे भरून येत नाही. पण मागच्या फोटोच्या वेळी ही मान धरत नव्हती. आज तुमच्या मांडीवर बसून माझा पेन ओढतेय. फोटो राहू द्या, हिच्याकडे बघा.”

परतताना त्यानं भंगारवाल्याकडून दोन पाइप घेतले आणि अंगणात सनाच्या कमरेच्या उंचीवर आडवे बसवले. ती वाढली तसे वर सरकवले. रोज दुकान लवकर बंद करून यायचा. मी तिला मागून धरायचे, तो टोकाला दुकानातल्या जुन्या स्टुलावर बसून चिडवायचा, “या बाईसाहेब, गोगलगाय पुढं गेली.” ती रागानं पाऊल टाकायची. टोकाला तिला वळवायचं काम त्याचं. फिल्मचा विषय पुन्हा निघाला नाही.

सना आता नऊ वर्षांची आहे. मागून धरावं लागत नाही, म्हणून परवा मीच पुढं जाऊन स्टुलावर बसू लागले.

“अम्मी, तितं नको. तू मागंच थांब.”

थांबले. ती पाइप धरत टोकापर्यंत गेली, रिकाम्या स्टुलावर हात टेकला... आणि स्वतःच वळली.