गंगेपलीकडची लाली

आमच्या घराला एक खोड आहे. कुणी दुधाचा पेला तोंडाला लावला, की दुसरं कुणीतरी लगेच म्हणतं, "त्या डेअरीत काय झालं होतं, माहितेय ना?" सगळ्यांना माहीत असतं, तरी सगळे "सांग, सांग" म्हणतात. गेलो होतो एकदाच, एका रविवारी, सकाळी निघून दिवेलागणीला परत. पण किस्से इतके, की ऐकणाऱ्याला वाटावं, महिनाभर मुक्काम ठोकला होता!

निमित्त मालूवन्संचं. माझी मोठी नणंद. साताऱ्याकडे शेती, गोठ्यात दहा जनावरं. काशीयात्रेला म्हणून त्या आमच्याकडे दुर्गाघाटावर आल्या. दशाश्वमेधला स्नान झालं, मणिकर्णिकेवर पितर तृप्त झाले, विश्वनाथ झाला. चौथ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "नले, देव झाले, घाट झाले. आता मला एखादी म्हैस दाखव बाई!"

हे रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात. तिकिटाच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाची गावात ओळख असतेच. ह्यांनी गंगेपलीकडच्या एका डेअरीच्या मॅनेजरला शब्द टाकला आणि आम्ही पाच जण निघालो. हे, मी, वन्सं, आठ वर्षांचा अभय आणि चार वर्षांची चिऊ.

* * *

माझी मुलं दुर्गाघाटच्या गल्लीत वाढलेली. त्यांच्या लेखी गाय हे गल्लीतलं एक वाहन. समोरून आली की भिंतीला पाठ लावायची, पोट आत घ्यायचं आणि ती जाईपर्यंत श्वास धरायचा.

डेअरीच्या फाटकातून आत शिरलो. चहूकडे मोकळं मैदान, नजर पोचेल तिथवर हिरवा चारा. लांबून एक गाय आमच्याकडे येऊ लागली. दोन्ही मुलं पळत सुटली आणि कुंपणाला पाठ लावून, पोटं आत घेऊन उभी राहिली!

"अरे, एवढी जागा आहे ना!" हे ओरडले.

अभय दात आवळून म्हणाला, "बाबा, तुम्ही पण साइडला व्हा. ती पहले जाएगी!"

गाय चाळीस हात अंतरावरून निघून गेली. वन्सं हसून हसून खालीच बसल्या.

* * *

गायींची सगळी व्यवस्था रामसुमेर नावाच्या माणसाकडे होती. साठी उलटलेली, खांद्यावर गमछा, पायात काही नाही. सगळे त्यांना सुमेरचाचा म्हणत. गायी चरून परतल्या तेव्हा ते गोठ्याच्या दारात उभे राहिले आणि एकेकीला नावाने हाक मारू लागले. "गंगा! सोनी!" जिचं नाव घेतलं ती पुढे यायची आणि मुकाट आपल्या जागेवर जाऊन उभी राहायची. बाकीच्या थांबलेल्या. धक्का नाही, घुसाघुशी नाही.

हे बघतच राहिले. म्हणाले, "नलू, बारा वर्षं खिडकीवर बसतोय. अशी रांग एक दिवस लागली नाही गं!"

एकच गाय मात्र हाक मारूनही आली नाही. तांबूस रंगाची, एका कडुनिंबाखाली तोंड फिरवून उभी होती. ती लाली. तिचं वासरू चार दिवसांपूर्वी गेलं होतं आणि तेव्हापासून ती पान्हा सोडत नव्हती. धार काढायला जाणाऱ्याला लाथ मारायची.

मॅनेजर तरुण होता, कॉलेजात शिकून आलेला. त्याने आमच्यासमोरच सांगितलं, "आज शाम तक देख लो चाचा. नहीं तो कल व्यापारी आएगा."

लालीची आई ती दोन दिवसांची असताना मेली होती. चाचांनी बोट दुधात बुडवून, ते चोखायला देऊन तिला वाढवलं होतं. हे आम्हाला तिथल्या एका गड्याने सांगितलं. चाचा स्वतःहून कसले सांगतात!

* * *

पियरी नावाची गाय आदल्या रात्रीच व्यायली होती. ते पाहून वन्संना खरवस आठवला. मुलांना गूळ-वेलदोडे घालून करून घालावा, असं त्यांच्या मनात आलं. वन्संचं हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली. त्या थेट चाचांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"चाचा, हमको थोडा चीक चाहिए."

"चीख?" चाचा दचकले.

"हां, चीक! गाय का! एकदम ताजा!"

चाचा विचारात पडले. मग फार अदबीने म्हणाले, "बहिनजी, गाय चीखती नहीं, रँभाती है."

"लेकिन हमको चीकच चाहिए!"

"तो आप ही चीख लीजिए," चाचा म्हणाले. "उधर खेत खाली है, कोई बुरा नहीं मानेगा!"

मी हसू आवरत मध्ये पडले आणि सांगितलं, की यांना पहिलं दूध हवंय. "अरे, फेनुस!" चाचांना उलगडा झाला. पण लगेच त्यांनी मान हलवली. ते बछियाचं आहे, तिचं पोट भरल्याशिवाय एक थेंब नाही. मॅनेजरच्या बायकोलासुद्धा कधी दिला नव्हता म्हणे.

आमच्या वन्संना "नाही" म्हणणारा माणूस सातारा जिल्ह्यात जन्माला यायचा आहे. मला वाटलं, आता होणार! पण त्या परत येऊन ह्यांना म्हणाल्या, "असा एक माणूस आमच्या गोठ्यावर असता ना, तर मी काशीला पण आले नसते."

* * *

दुपारची धार सुरू झाली. चाचा आमच्याशी बोलत होते, पाठ गोठ्याकडे. आत सहा-सात गडी बसलेले, बादल्यांत धारा वाजत होत्या. आम्हाला सगळा एकच आवाज. चाचा बोलता बोलता थांबले आणि मागे न बघता ओरडले, "बिरजू! मेहरारू से लड़ के आयल हउवा?"

आतला एक गडी मान खाली घालून उठला आणि हात धुवायला गेला.

"तो बायकोशी भांडून आलाय, हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"धार गुस्से में थी," चाचा म्हणाले आणि पुढचं बोलू लागले, जणू काही झालंच नाही.

* * *

शेवटी लालीची पाळी आली. मॅनेजर म्हणाला, त्या वासराच्या कातड्यात भुसा भरून तिच्यापुढे उभं करू, सगळीकडे करतात.

चाचांनी एकच उत्तर दिलं. "गाय से झूठ नाहीं बोलब साहेब."

मॅनेजर चिडून ऑफिसात निघून गेला. चाचा रिकामी बादली घेऊन लालीशेजारी उकिडवे बसले. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ती पाय आपटत होती. एवढा शहाणा माणूस, पण आता त्याच्याजवळ काही उपाय उरला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

इकडे आमच्या चिऊचं वेगळंच चाललेलं. जेवणानंतर ती वासरांत रमली होती आणि तेव्हापासून स्वतःच वासरू झाली होती. बोलायचं नाही, चार पायांवर चालायचं. पुरीसुद्धा तोंडानेच उचलली, कारण "बछड्यांना हात नसतात!" मी चाचांकडे बघत होते, तेवढ्यात ही रांगत रांगत थेट लालीच्या पुढ्यात!

मी किंचाळणार, तोच वन्संनी माझा दंड धरला. "ओरडू नकोस नले. बिथरेल ती."

लालीने मान खाली घातली. चिऊचं डोकं हुंगलं. मग खरखरीत जिभेने तिचे केस चाटू लागली. मी सकाळी घातलेल्या वेण्यांचं वाटोळं झालं. चिऊ खुदखुदली आणि पोटाखाली शिरून तिने कासेला डोक्याने एक ढुशी दिली, बघून बघून शिकली होती तशी. मग आणखी एक.

लाली पाय रोवून उभी होती.

"पान्हा सोडला गं!" वन्सं पुटपुटल्या.

"पेन्हा गइल!" चाचा त्याच क्षणी म्हणाले.

त्यांनी एका हाताने चिऊला अलगद बाजूला घेतलं, पण लालीच्या तोंडाजवळच ठेवलं. दुसऱ्या हाताने धार सुरू केली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

आवाज ऐकून मॅनेजर बाहेर आला. भरत आलेली बादली पाहिली, चाटून ओली झालेली चिऊ पाहिली आणि हसत सुटला. "वाह चाचा! कहते थे, झूठ नहीं बोलूँगा. और ये क्या है? गाय को धोखा दे ही दिया ना!"

चाचांनी हात थांबवला नाही.

"धोखा कहाँ साहेब? लाली सब जानत हौ. बिटिया क मन रखत हौ."