सहभागी क्रमांक चार

गेल्या बुधवारी सकाळी जेटीवर गेलो होतो. जन्मात मासा न खाल्लेला माणूस तिथे काय करतो, हा प्रश्न रास्त आहे…

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात संशोधन करतो. फोटोवरून मासा ओळखणारं एआय त्याला बनवायचं होतं. कुणी माहीतगार हवं होतं, म्हणून मी त्याची जेटीवर मासे विकणाऱ्या शेवंतीमावशींशी गाठ घालून दिली.

मावशींनी धंदा सांभाळून ढिगाने फोटो बघितले, एकेका माशाचं नाव सांगितलं. मी नुसतं वळणदार अक्षरात उतरवून घेतलं. "मास्तर, वास सोसत नाय तर नाक धरा, पन नीट लिवा," असं त्या मधूनमधून बजावायच्या.

बुधवारी छापलेला शोधनिबंध घेऊन गेलो. आपलं नाव छापून येणार हे सुनेला खरं वाटत नाही, म्हणून मावशींनी एक प्रत मागितलीच होती. हात धुऊन, पदराला पुसून त्यांनी कागद घेतला.

"माजा नाव खय हाय?"

आभारात माझं नाव होतं, 'स्थानिक मत्स्यतज्ज्ञ' म्हणून… खाली 'सहभागी क्रमांक ४'. त्या मावशी.

चूक संशोधकांची नाही. नावांच्या याद्या माझ्या अक्षरात, माझ्याच नावाने त्यांच्याकडे गेल्या होत्या. नाव जाहीर करावे की गोपनीय ठेवावे, असं संमतीपत्रात विचारलं होतं. मावशींसमोर गिऱ्हाईकं उभी होती. बाईमाणसाचं नाव कशाला उगाच, असं ठरवून मीच 'गोपनीय'वर खूण केली आणि सहीपुरता कागद पुढे सरकवला. त्यांनी विश्वासाने सही केली.

हे सगळं सांगितलं. मावशी शेजारणीला म्हणाल्या, "मास्तरांना बांगडा नि सुरमई वळकत नाय, नि ते तज्ज्ञ." शेजारीण हसली. मावशी हसल्या नाहीत. प्रत त्यांनी परत दिली.

विद्यार्थ्याला कळवलं. छापलेलं आता बदलता येत नाही म्हणाला…

पंचवीस वर्षं संस्कृत शिकवतोय. फळ्यावर 'कर्ता अज्ञात' कितीदा लिहिलं असेल. असा अज्ञात कर्ता तयार कसा होतो, ते आता कळलं.

काल पुन्हा गेलो. फेसबुकवर तुमचं नाव लिहू का, म्हणून विचारलं. कोलंबी निवडता निवडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "आता इचारताय व्हय… लिवा. पुरा लिवा."

शेवंती गणपत पावसकर. त्या फोटोंतल्या प्रत्येक माशाचं नाव यांनी सांगितलं आहे. मी लिहून घेणारा.