डावखुरी वेस्टा

कॅपिटोल टेकडीवर, जूनोच्या देवळाला लागून असलेल्या टांकसाळीत डिफिलस सव्वीस वर्षं नाण्यांचे ठसे कोरत बसला होता. डेलॉसच्या बाजारात विकला गेलेला गुलाम. मान वाकून गेलेली, डोळे पाझरणारे, हात मात्र अजून स्थिर. दर साली टांकसाळीवर नवा अधिकारी यायचा, मिसरूड नुकतं फुटलेला, आणि चांदीवर आपलाच देव मागायचा. कुणाचं घराणं हर्क्युलिसपासूनचं, कुणाचं थेट व्हीनसपासूनचं. देवांचे असले पुष्कळ वंशज डिफिलसने पाहिले होते. निम्म्यांना नाकही धड पुसता येत नसे.

यंदा त्याचा मालकच अधिकारी झाला. लुकियस ओपेटियस. वेदीवर उजव्या हाताने अर्घ्य देणारी वेस्टा, रोमच्या पवित्र अग्नीची देवी, त्याला नाण्यावर हवी होती.

"देवी मनासारखी उतरली, तर तुला मोकळा करीन," तो म्हणाला.

डिफिलसने त्या दिवसापासून जेवणही ओट्यावरच घेतलं. पंधरा दिवसांनी मालक ठसा बघायला आला आणि किंचाळला, "मेल्या, देवी डावखुरी केलीस? डाव्या हाताने अर्घ्य?"

"धनी, ठसा उलटाच कोरतात. नाण्यावर हात उजवा येतो."

"मला शिकवतोस? मला डोळे नाहीत? हात बदल, नाहीतर मोकळं होणं विसर. खाणीत धाडीन."

डिफिलसने दुसरा ठसा कोरला, मालकाला हवा तसा. मालक खूश झाला. नाणी पाडायच्या सकाळी म्हाताऱ्याने तो ठसा छिन्नीने फोडला आणि ऐरणीत पहिला बसवला.

"म्हातारबा, कळलं तर पाठीचं कातडं जाईल," हातोडेवाला पुटपुटला.

"कळायला डोक्यात काही असावं लागतं. तू घाव घाल."

पहिलं नाणं ओपेटियसने ऊन ऊनच उचललं. वेस्टेचा हात उजवा होता.

"बघ! माझं ऐकलंस म्हणून."

त्याने शब्द पाळला. डिफिलसच्या डोक्यावर मोकळ्या माणसाची टोपी आली, नावापुढे मालकाचं नाव लागलं, आणि रिवाजाप्रमाणे रोज पहाटे जुन्या मालकाच्या दारात मुजऱ्याला उभं राहणं आलं. तिथे ओपेटियस पाहुण्यांना सांगायचा, "हा गाढव वेस्टेला डावखुरी करून बसला होता. मी नसतो तर रोमवर कोप झाला असता. काय रे?"

"होय, धनी," डिफिलस म्हणायचा. पाहुणे हसायचे. मग तो रस्त्यावर यायचा, भिंतीशी थुंकायचा आणि मोकळं झाल्यावर थाटलेल्या स्वतःच्या कोरकामाच्या दुकानाची वाट धरायचा.